पूर ओसरल्यानंतरची देणगी : गावात हक्कांसाठी झगडणाऱ्या संघटनांना मदत कशी करावी

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात आणि सोलापूर जिल्ह्यात झालेल्या अतिवृष्टीने उभे सोयाबीन कुजले, सीना नदीने काठावरची गावे वेढली आणि कित्येक शेतांमधली पिकाखालची मातीसुद्धा खरवडून नेली. त्या दिवसांत शहरांतून आणि परदेशांतून मदतीचा मोठा ओघ सुरू झाला. त्यात पहिल्यांदाच देणगी देणारे पुष्कळजण होते आणि पैसे नेमके कोणाला द्यावेत, हा त्यांचा प्रश्न होता. हा लेख त्यांच्यासाठी, आणि पुढच्या पुराच्या, दरडीच्या किंवा दुष्काळाच्या वेळी हाच प्रश्न पडेल त्यांच्यासाठी लिहिला आहे. यातले विवेचन एका विशिष्ट प्रकारच्या गटांपुरते आहे : शेतमजूर, एकल महिला, ऊसतोड कामगार, वनजमीन किंवा गायरान (गावाच्या गुरांसाठी राखलेली सरकारी जमीन) कसणारी कुटुंबे यांच्या हक्कांसाठी तालुक्याच्या पातळीवर वर्षानुवर्षे काम करणाऱ्या छोट्या संघटना आणि संस्था. आपत्तीनंतरच्या देणग्यांमधला सर्वांत कमी वाटा यांच्यापर्यंत पोहोचतो आणि सर्वांत जास्त काळ गावात राहतात ते हेच लोक, असे माझे मत आहे.

आधी हे समजून घ्यावे : सरकारी मदत कुठे अडते

आपत्तीनंतर सरकारी मदत मिळतच नाही, हा समज चुकीचा आहे. केंद्राने २०२२ ते २०२६ या काळासाठी ठरवलेल्या निकषांनुसार किमान ३३ टक्के पीक गेले असल्यास जिरायत पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायत पिकाला १७,००० रुपये आणि बहुवार्षिक पिकाला २२,५०० रुपये मिळत असत. दुभती गाय किंवा म्हैस दगावल्यास ३७,५०० रुपये, शेळी-मेंढीसाठी ४,००० रुपये आणि सपाट प्रदेशातले घर पूर्ण पडल्यास १,२०,००० रुपये अशी तरतूद होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य सरकारने पिकांच्या मदतीची मर्यादा दोन हेक्टरांवरून तीन हेक्टरांपर्यंत वाढवली. हे आकडे नुकसानीच्या मानाने तोकडेच आहेत, पण एखाद्या गावाला मिळणाऱ्या या रकमांची बेरीज कोणत्याही देणगीदार गटाच्या आवाक्यापलीकडची असते. म्हणून ही रक्कम हक्कदाराच्या खात्यात पोहोचते की नाही, यावर त्या गावाचे पुढचे वर्ष अवलंबून असते.

ती अडते कशी, हे एका उदाहरणाने पाहू. पतीच्या निधनानंतर दोन एकर जिरायत कसणारी एक बाई आहे. सातबारा अजून सासऱ्यांच्या नावावर आहे. सासरे वारले, पण वारस नोंदीचा फेरफार झालेला नाही आणि दिराची त्याला संमती नाही. पंचनाम्याला तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक येतात तेव्हा कागदावरचे नाव आणि बांधावर उभी असलेली व्यक्ती यांचा मेळ बसत नाही. तिने ई-पीक पाहणी, म्हणजे पिकाची मोबाइलवरून करायची नोंद, केलेली नाही, कारण घरातला एकमेव स्मार्टफोन मुलाबरोबर पुण्यात आहे. कसेबसे नाव यादीत आले, मदतीसाठीचा विशिष्ट क्रमांक मिळाला, तरी सेवा केंद्रात ई-केवायसीसाठी अंगठा लावताना खुरपून खुरपून झिजलेल्या बोटांचे ठसे जुळत नाहीत. दिवसाची मजुरी बुडवून तिला पुन्हा तालुक्याला यावे लागते. बटईने (पिकाच्या वाट्यावर) किंवा ठोक्याने (ठरलेल्या रकमेवर) दुसऱ्याचे रान करणाऱ्याची अवस्था याहून बिकट असते. तोंडी व्यवहार असल्याने मदत जमीनमालकाच्या खात्यात जाते आणि बियाण्याचे कर्ज कसणाऱ्याच्या डोक्यावर राहते. भूमिहीन शेतमजुराचे पीक बुडत नाही, रोजगार बुडतो, आणि पीक नुकसानीच्या पंचनाम्यात बुडालेल्या रोजगाराला रकाना नसतो. गायरानावर पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्या दलित आणि पारधी कुटुंबांची जमीन अतिक्रमण म्हणून नोंदलेली असते, त्यामुळे त्यांच्या बुडालेल्या पिकाचा पंचनामा करायला कोणी धजत नाही.

या प्रत्येक ठिकाणी कोणीतरी बरोबर असावे लागते. तहसील कार्यालयात अर्ज देऊन पोचपावती घेणारे, यादी गावात लावली गेली का हे पाहणारे, वगळलेल्यांची यादी ग्रामसभेत वाचून ठराव मागणारे, उत्तर न आल्यास माहिती अधिकाराखाली अर्ज करणारे. हे काम ज्या ताई आणि दादा करतात, त्यांना टिकवून धरणे हा या देणगीचा उद्देश असावा.

पहिली पायरी : रक्कम दोन भागांत विभागावी

देण्याची एकूण रक्कम आधी ठरवावी आणि तिचा लहान भाग, साधारण पाव किंवा तिसरा हिस्सा, पहिल्या पंधरवड्यात तातडीच्या मदतीसाठी द्यावा. हा भाग मुख्यमंत्री सहाय्यता निधीला दिला तरी योग्यच आहे. मोठा भाग मात्र दोन-तीन महिन्यांनंतरसाठी राखून ठेवावा. पाणी गावात असते तेव्हा कॅमेरे, वाहने, धान्याचे संच सगळेच येते. दिवाळीनंतर रस्ता रिकामा होतो, आणि नेमक्या त्याच वेळी याद्यांचे, फेरफारांचे आणि अपिलांचे काम सुरू होते. पुनर्वसन याहून लांबते. पुणे जिल्ह्यातल्या माळीणवर ३० जुलै २०१४ रोजी दरड कोसळली; नव्या गावातली घरे लोकांच्या ताब्यात आली ती एप्रिल २०१७ मध्ये. त्या पावणेतीन वर्षांत गावाच्या बाजूने बोलत राहणाऱ्याची जी गरज असते, ती पहिल्या आठवड्यात दिलेल्या देणगीतून भागत नाही.

जुने कपडे पाठवू नयेत. त्यांची वर्गवारी आणि विल्हेवाट यांत कार्यकर्त्यांचे दिवस जातात आणि वापरलेली वस्त्रे वाटून घ्यावी लागणे लोकांना अपमानाचे वाटते. वस्तूच द्यायच्या असतील तर आधी फोन करून विचारावे. अनेकदा उत्तर चारा, ताडपत्री, शाळेची पुस्तके किंवा सॅनिटरी पॅड असे येते, आणि ते जवळच्या बाजारातून घेतल्यास स्वस्त पडते व तालुक्यातल्या दुकानदारालाही हातभार लागतो.

दुसरी पायरी : पुराआधीपासून तिथे कोण होते, ते शोधावे

आपत्तीनंतर नवे फलक, नवे व्हॉट्सअ‍ॅप गट आणि नवी क्यूआर चिन्हे भराभर उगवतात. त्यांतली काही प्रामाणिक असतात, पण नवख्या देणगीदाराला त्यांची पारख करणे अवघड असते. त्याऐवजी एकच कसोटी लावावी : संकट येण्याआधी या तालुक्यात रेशनकार्ड, रोजगार हमीची कामे, वनहक्काचे दावे, विधवा पेन्शन किंवा ऊसतोड कामगारांची उचल (मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम) यांवर कोण काम करत होते? हे गटच घराघरांची परिस्थिती जाणतात. कोणाच्या घरी पुरुष नाही, कोणते कुटुंब कारखान्यावर गेले आहे, कोणाचे नाव दरवेळी यादीतून गळते, हे त्यांना सर्वेक्षण न करता माहीत असते.

शोध घेताना शाळेतले शिक्षक, आशा आणि अंगणवाडी कार्यकर्त्या, तालुक्याचे वार्ताहर, जिल्ह्याच्या न्यायालयात गरिबांचे खटले चालवणारे वकील यांना विचारावे. तुमच्या सोसायटीत घरकाम करणाऱ्या, इमारतीवर राखण करणाऱ्या अनेकांची गावे त्याच भागातली असतात. गावाकडे अडल्यावर लोक कोणाकडे जातात, हे त्यांच्याइतके कोणी सांगू शकणार नाही. दिशा कळावी म्हणून काही परिचित नावे सांगतो. महिला किसान अधिकार मंच, म्हणजे मकाम, विदर्भ आणि मराठवाड्यात आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतल्या महिलांबरोबर आणि ऊसतोड महिलांबरोबर काम करतो. कोरो या संस्थेच्या पाठबळाने मराठवाड्यात एकल महिलांचे संघटन उभे राहिले आहे. रायगड जिल्ह्यात सर्वहारा जन आंदोलनाने आदिवासींच्या जमिनीच्या हक्कांसाठी दीर्घकाळ लढा दिला आहे. ही शिफारसींची यादी समजू नये. तुमचा शोध ज्या तालुक्यात आपत्ती आली तिथपर्यंत गेला पाहिजे.

अशा कामातून काय उभे राहू शकते, याचे एक उदाहरण मराठवाड्यातच आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, त्यानंतर ५२ गावे नव्या जागी वसवली गेली आणि त्यापलीकडच्या शेकडो गावांत घरांच्या दुरुस्ती व मजबुतीकरणाचा कार्यक्रम राबवला गेला. त्या कार्यक्रमात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने गावोगावच्या महिलांना संवाद सहायक म्हणून तयार केले. घराच्या अनुदानाचा हप्ता कधी येतो, कोपऱ्यात सळई कशी बांधायची, अभियंत्याला काय विचारायचे, हे त्या शेजारणींना समजावून सांगत. घरे पुरी झाल्यावर ही फळी विरून गेली नाही. त्यांतल्या पुष्कळजणी बचत गट, पाणी, आरोग्य आणि शेतीच्या कामात राहिल्या, आणि २००१ च्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादकडच्या महिला गुजरातमधल्या गावांत जाऊन तिथल्या महिलांशी बोलल्या.

तिसरी पायरी : कागदपत्रे पाहावीत, पण त्यांचा अर्थ समजून

महाराष्ट्रात संस्था सामान्यतः महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या असतात. अनेकींची संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खालीही नोंद असते. काही संस्था कंपनी कायद्याच्या कलम ८ खाली ना-नफा कंपनी म्हणून चालतात. देणगीदाराने नोंदणी क्रमांक, पॅन, मागील दोन-तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशोब, विश्वस्तांची नावे आणि संस्थेच्या नावावरचे बँक खाते एवढे मागावे. नीती आयोगाच्या दर्पण संकेतस्थळावर नोंद असल्यास तिथली माहिती ताडून पाहता येते. व्यक्तीच्या खासगी खात्यावर पैसे मागितले तर कारण विचारावे, आणि समाधान न झाल्यास थांबावे.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अनेक लोकसंघटना मुद्दामच विश्वस्त संस्था म्हणून नोंदलेल्या नसतात. त्या सभासदांच्या वर्गणीवर चालतात, काही कामगार संघटना म्हणून नोंदलेल्या असतात, आणि कोणाच्या अनुदानावर अवलंबून राहायचे नाही हे त्यांचे धोरण असते. त्यांच्याकडे करसवलतीची पावती नसेल. म्हणून त्या कमी विश्वासार्ह ठरत नाहीत. तिथे कागदाऐवजी दुसऱ्या गोष्टी पाहाव्यात. वर्गणीची पावती सभासदाला मिळते का, हिशोब वार्षिक मेळाव्यात वाचला जातो का, खात्यावर दोघा-तिघांच्या सह्या लागतात का, निर्णय घेणाऱ्या समितीत ज्यांच्यासाठी काम चालते त्या स्त्रिया आणि ते मजूर बसतात का? उलट, कागदपत्रे चोख असूनही सगळा कारभार एका कुटुंबाच्या हाती असलेल्या संस्था आपण सर्वांनी पाहिल्या आहेत.

चौथी पायरी : फोनवर बोलावे

मोठी रक्कम देण्यापूर्वी एकदा तरी बोलणे व्हावे, आणि ते सायंकाळी सातनंतर व्हावे, कारण दिवसा कार्यकर्ते गावात किंवा तहसीलमध्ये असतात. सध्या कोणत्या गावांत काम चालू आहे, किती कुटुंबे यादीबाहेर राहिली आहेत, त्यांतल्या किती जणांचे अर्ज दाखल झाले, पुढच्या सहा महिन्यांत काय करायचे ठरले आहे, आणि पैसे कमी पडले तर सर्वांत आधी काय थांबेल, हे विचारावे. शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरातून खरी गरज कळते. प्रश्नावली पाठवून इंग्रजीत प्रस्ताव मागू नये. दहा हजारांच्या देणगीसाठी वीस पानांचा अहवाल लिहायला लावणे हा त्या माणसांच्या वेळेवर अन्याय आहे. संकटात सापडलेल्या बायकांची नावे, फोन क्रमांक किंवा छायाचित्रे पुरावा म्हणून मागणेही टाळावे. संघटना निवडणुकीच्या प्रचारात उतरते का, हे मात्र मोकळेपणाने विचारावे आणि आपली मर्यादा स्पष्ट सांगावी.

पाचवी पायरी : रक्कम कशासाठी द्यावी

इथे माझा आग्रह आहे. देणगी अटींविना द्यावी, आणि ती मानधन, प्रवास व कार्यालयीन खर्चासाठी वापरली जाईल हे आनंदाने मान्य करावे. ‘आमचा सगळा पैसा थेट गरिबाच्या हातात गेला पाहिजे, पगारावर नको’ हे वाक्य चांगल्या भावनेतून येते, पण वर सांगितलेल्या बाईच्या बाबतीत ते कसे चुकते ते पाहावे. तिला हजार रुपयांचा धान्यसंच दिला तर तीन आठवडे निघतील. त्याऐवजी एखादी कार्यकर्ती तिच्याबरोबर चार वेळा तालुक्याला गेली, डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा पंधरा रुपये भरून काढला, मृत्यूचे दाखले गोळा केले, वारस नोंदीचा अर्ज दिला आणि दिराशी दोनदा बसून बोलली, तर यंदाची मदत मिळण्याची वाट मोकळी होते आणि जमिनीवर तिचे नाव कायमचे लागते. पुढचे पीककर्ज, पुढचा विमा, पुढच्या अतिवृष्टीचा पंचनामा सगळे त्या नावावर होते. या कामाला लागते काय? एसटीचे भाडे (महिलांना मार्च २०२३ पासून ते निम्मे आहे, तेवढाच आधार), झेरॉक्स, फोनचे रिचार्ज आणि त्या कार्यकर्तीच्या घरी चूल पेटेल एवढे मानधन. त्यातला मानधनाचा भाग द्यायला देणगीदार सर्वांत नाखूश असतात, आणि म्हणून पुराच्या दुसऱ्या वर्षी चांगली, अनुभवी माणसे हे काम सोडून मजुरीला किंवा शहराकडे जातात.

शक्य असल्यास एकरकमी देण्याऐवजी किमान दीड-दोन वर्षे दरमहा किंवा दर तिमाहीला ठरावीक रक्कम द्यावी. दहा-बारा मित्रांनी मिळून एका कार्यकर्तीच्या मानधनाची जबाबदारी घेतली, तर लहान संघटनेला पुढचे नियोजन करता येते.

सहावी पायरी : कर आणि कायदा

आयकर कायद्याखाली (जुन्या १९६१ च्या कायद्यात कलम ८०जी) मान्यता असलेल्या संस्थेला दिलेल्या देणगीवर साधारणतः निम्म्या रकमेची वजावट मिळते आणि तिला उत्पन्नाच्या १० टक्क्यांची मर्यादा आहे. म्हणजे १०,००० रुपये दिल्यास करपात्र उत्पन्न ५,००० रुपयांनी कमी होते. २० टक्क्यांच्या टप्प्यात असणाऱ्याचा कर त्यामुळे हजार रुपयांच्या आसपास वाचतो. मुख्यमंत्री सहाय्यता निधीसाठी वजावट पूर्ण रकमेची आहे. नवी करप्रणाली निवडणाऱ्यांना ही वजावट मिळत नाही. २,००० रुपयांहून अधिक रोख देणगी वजावटीस पात्र नसते, म्हणून बँकेतूनच पैसे पाठवावेत. नाव आणि पॅन संस्थेला जरूर कळवावे, कारण त्याशिवाय तुमचे प्रमाणपत्र निघत नाही, आणि ठरावीक मर्यादेपलीकडच्या निनावी देणग्यांवर संस्थेला ३० टक्के दराने कर भरावा लागतो. गुप्तदानाचा पुण्यसंचय संस्थेला महागात पडतो. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा, २०२५ लागू असल्याने कलमांचे आणि नमुन्यांचे क्रमांक बदलले आहेत. विवरणपत्र भरताना आपल्या कर सल्लागाराकडून ते तपासून घ्यावेत.

परदेशस्थ मराठी मंडळींनी विशेष काळजी घ्यावी. भारतीय नागरिकत्व कायम असलेल्या अनिवासी व्यक्तीने आपल्या बचतीतून, रीतसर बँकेमार्फत दिलेली रक्कम विदेशी योगदान धरली जात नाही. तिने पासपोर्टची प्रत संस्थेला द्यावी. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांची देणगी मात्र, त्यांच्याकडे ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारे) कार्ड असले तरी, विदेशी योगदान ठरते, आणि २०१० च्या विदेशी योगदान (नियमन) कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच ती घेता येते, तीही स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यात. २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी नोंदणी असलेली मोठी संस्था ते पैसे दुसऱ्या लहान संस्थेकडे वळवू शकत नाही. त्यामुळे ‘तुम्ही घ्या आणि त्यांना द्या’ अशी गळ कोणालाही घालू नये. प्रेमापोटी केलेल्या या विनंतीने संस्थेची नोंदणीच धोक्यात येऊ शकते. ज्यांना थेट देणे शक्य नाही, त्यांनी भारतात राहणाऱ्या, भारतीय नागरिक असलेल्या आपल्या भावंडांना हा लेख दाखवावा आणि त्यांनी आपल्या उत्पन्नातून द्यावे असे सुचवावे. आपले पैसे त्यांच्या खात्यातून फिरवण्याची युक्ती करू नये.

सोसायटी, गणेश मंडळ किंवा कचेरीतले सहकारी मिळून निधी गोळा करणार असतील तर महाराष्ट्रात त्यासाठी धर्मादाय कार्यालयाकडे कलम ४१क खाली रीतसर अर्ज करावा लागतो. ती दगदग टाळायची असेल तर निधी आपल्याकडे जमवूच नये. प्रत्येकाने निवडलेल्या संस्थेच्या खात्यात स्वतः रक्कम भरावी आणि गटात केवळ पावत्यांची नोंद ठेवावी.

दिल्यानंतर

सहा महिन्यांनी एक-दोन पानांचे पत्र मराठीत मागावे आणि एकदा हिशोबाचा गोषवारा पाहावा. एवढे पुरेसे आहे. किती अर्ज केले, किती मंजूर झाले, किती फेटाळले आणि का, हे त्या पत्रात असावे. फेटाळलेल्या अर्जांची संख्या मोठी दिसली तर निराश होऊ नये; सोपी प्रकरणे आधीच सुटलेली असतात आणि संघटनेकडे अडलेलीच येतात. गावाला भेट द्यायची असेल तर ऊसतोडीचा हंगाम संपून मजूर परतल्यानंतर, मार्च-एप्रिलमध्ये जावे, मुक्कामाचा खर्च स्वतः करावा आणि कोणाच्याही घरासमोर मदत स्वीकारतानाचे छायाचित्र काढू नये.

पुढचा हप्ता मे महिन्यात द्यावा. मृगाच्या पेरणीसाठी बियाणे आणि खत यांची जुळवाजुळव तेव्हा चालू असते, आदल्या वर्षीच्या मदतीतल्या त्रुटींची प्रकरणे तहसीलमध्ये पडून असतात, आणि संघटनेच्या खात्यात तेव्हा बहुधा काही उरलेले नसते. दुसऱ्या वर्षी कार्यकर्त्यांनी कळवले की आता पुरापेक्षा गायरानाच्या नोटिसांचे किंवा रोजगार हमीच्या थकलेल्या मजुरीचे काम जास्त झाले आहे, तर रक्कम त्या कामासाठी वापरू द्यावी. तीच कुटुंबे, तोच तालुका आणि तेच कार्यालय असते.